भर वैशाखात पावसाची मोजणी

मे महिन्यात आपणहून वऱ्हाडात जाणारा माणूस एकतर नवरदेव असतो, नाहीतर सरकारी नोकर. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली आहेत. पासष्टच्या उन्हाळ्यात अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत मी जे हिंडलो ते पर्जन्यमापक तपासायला. पुण्यात हे सांगितलं की लोक आधी हसतात. जिथे प्यायच्या पाण्याची मारामार तिथे भर वैशाखात पाऊस कसला मोजता? मग समजावून सांगावं लागतं की पाऊस सुरू झाल्यावर यंत्र तपासणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. पटतं कुणालाच नाही.

हे लिहायला बसलो आहे ते मात्र यंत्रांसाठी नव्हे. तिकडे एका माणसाशी मी नीट वागलो नाही आणि परत आल्यापासून मला चैन नाही. तसा मी मूळचाच चुळबुळ्या. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आमची आई म्हणायची, आणि बायको म्हणते की मी जेवतानासुद्धा उठायच्या तयारीत बसलेला असतो. पण ही अस्वस्थता निराळी आहे. ती फिरून जात नाही.

अकोला

भुसावळ सोडल्यावर डब्यात वाद पेटला. माझ्यासमोर धामणगावचे एक कापसाचे अडते बसले होते, पांढरंशुभ्र धोतर आणि मांडीवर पितळी डबा. मी हवामान खात्यातला आहे हे त्यांना कळायला नको होतं, पण कळलं. मी डब्यात उगाच तीन वेळा उठबस केली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय जी, तब्येत बरी नाई काय?" आणि बोलता बोलता माझी नोकरी बाहेर आली.

"मंग तुमीच सांगा," ते सरसावून म्हणाले. "पाऊस असा येड्यावानी काहून करून राहिला? त्या अनुबॉमानंच न? एवढे बॉम फोडले त्याईनं, आभायाले धक्का बसन नाई तर काय होईन?"

खिडकीजवळच्या एका शेतकऱ्याला ते पटलं नाही. "बॉम तिकडे समुद्रात फुटून राहिला अन् पानी मूर्तिजापुरातून गेलं? आपल्या डोंगरावरचं झाड अन् झाड तोडलं, ते नाई सांगत कोनी."

दोघांनीही मग न्यायाधीशाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या खात्याचं ठरलेलं उत्तर दिलं. पाऊस काही वर्षं कमी, काही वर्षं जास्त असतोच. त्यावरून काही सांगता येत नाही. अडते म्हणाले, "म्हंजे तुमालेबी माईत नाई." आणि डबा उघडून त्यांनी मला दोन पुरणपोळ्या वाढल्या. एखाद्याला अडाणी ठरवून लगेच त्याला जेवू घालायची ही रीत मला पुढे आठ दिवस ठिकठिकाणी भेटली. पुण्यात आपण अडाणी ठरवतो आणि तिथेच थांबतो.

अकोल्याला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि रस्त्यावर एक कुत्रंही नव्हतं. ऊन वरून पडत नव्हतं, चहूकडून येत होतं. उतरायची सोय होती त्या खोलीला वाळ्याचा पडदा होता. त्यावर पाणी मारायला एक म्हातारेबुवा तासातासाने येत, आणि प्रत्येक वेळी खोलीत डोकावून मी अजून जिवंत आहे याची खात्री करून घेत. झोप म्हणून आली नाही. उठावं, माठातलं पाणी प्यावं, घड्याळ पाहावं, पुन्हा पडावं. चारच्या सुमाराला डोक्याला ओला पंचा बांधून मी बाहेर पडलो तर म्हातारेबुवा म्हणाले, "पुन्याचे लोक असेच मरतेत, जी."

संध्याकाळी एका कारकुनाने मला एक छापील पत्रक दाखवलं. अमरावतीला एका वाचनालयाच्या वसंत व्याख्यानमालेत जाहीर वाद ठेवला होता: 'पाऊसपाणी माणसाने बिघडवले काय?' वक्ते तीन. एक विज्ञानाचे प्राध्यापक, एक वकील, आणि तिसरे अकोल्याकडचे निवृत्त शिक्षक तायडे गुरुजी. त्यांच्या नावापुढे 'तीस वर्षांच्या स्वतःच्या नोंदींसह' असं छापलं होतं.

"यांच्या गावाले तुमी उद्या जाऊनच राहिले न," कारकून म्हणाला. "भेटा. गंज येगळा मानूस हाय." गंज म्हणजे तिकडे पुष्कळ.

पातूरच्या वाटेवर

ते गाव अकोल्याहून पातूरला जाताना लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या कचेरीबद्दल जे सांगणार आहे ते त्यांना आवडणार नाही. पातूरजवळ खडकात कोरलेली जुनी लेणी आहेत, ती पाहायची असं पुण्याहून ठरवून निघालो होतो. पाहिली नाहीत. एसटीतून दूरवर डोंगर दिसले. काही ठिकाणी अजून साग उभा होता, काही ठिकाणी डोंगर नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखे दिसत होते.

कचेरीच्या आवारातला सरकारी पर्जन्यमापक उत्तम जागी होता. मोकळं मैदान, चारी बाजूंना तारेचं कुंपण, जवळ झाड नाही, भिंत नाही. कुंपणाच्या आत मात्र साहेबांच्या घरच्या कुरडया वाळत होत्या. नरसाळ्यावरसुद्धा एक ठेवली होती. शिपाई म्हणाला, "शेळ्या येत नाई न जी आत. आख्ख्या गावात याच्यासारखी जागा नाई." मला हसू आलं. कुरडया उचलून मी यंत्र तपासलं, ते ठीक होतं. मग नोंदवही मागवली आणि हसू गेलं. सोमवार ते शनिवार रोजचे आकडे एकाच शाईत, एकाच बैठकीत, एकाच तिरप्या हाताने लिहिलेले. पानामागून पान तसंच. मी तिथल्या कारकुनाकडे पाहिलं. तो पानाला चुना लावत म्हणाला, "शनवारी घेऊन बसतो जी. आठोडाभर काय पडलं ते डोयानं दिसतेच न."

म्हणजे निदान दहा-बारा वर्षांचा त्या गावाचा सरकारी पाऊस अंदाजपंचे होता. मी वहीवर सही केली नाही, आणि बोललोही नाही. अहवालात लिहू, असं मनात म्हटलं. मनातल्या मनात म्हणण्यात आमच्या खात्याचा हात कुणी धरणार नाही.

तायडे गुरुजी मला न्यायला स्वतःच कचेरीच्या फाटकापर्यंत आले होते. आत आले नाहीत. साठीच्या पुढचा उंच, वाळका माणूस, खादीचा सदरा, बगलेत छत्री. "साहेब, तुमी येनार हे अकोल्याहून समजलं. माझं यंत्र तपासून द्या. परवा अमरावतीले बोलाचं हाय. लोकाईनं नाव ठेवाले जागा नाई राहायले पायजे."

बौद्ध वस्ती गावाच्या पूर्वेला होती. स्वच्छ सारवलेली अंगणं, निळे रंगवलेले दरवाजे. गुरुजींच्या पत्नी भागाबाईंनी गडव्यातून पाणी आणलं. माझा हात त्या गडव्याकडे जाताना किंचित थबकला. क्षणभरच. आमच्या पुण्याच्या घरात लहानपणी जे अंगात भिनलं ते कायदा झाला म्हणून निघून जात नाही, हे मला त्या क्षणी समजलं. मी पाणी प्यालो. पण थबकलेला हात मी पाहिला होता, आणि गुरुजींनीही पाहिला असावा. लाज वाटली. लिहिताना आताही वाटते आहे.

जेवायला आमरस आणि सरगुंडे होते. सरगुंडे म्हणजे गव्हाच्या कणकेच्या बारीक नळ्या. काडीवर वळून उन्हात वाळवायच्या, ऐन वेळी वाफवायच्या आणि रसात बुडवून खायच्या. सोबत मिरचीचा ठेचा. रसाबरोबर ठेचा हा प्रकार आमच्याकडे कुणी ऐकून घेणार नाही. मी तीनदा मागून घेतला आणि भागाबाई खूश झाल्या. "पुन्याचा मानूस जेवते," त्या आत कुणालातरी म्हणाल्या.

जेवताना गुरुजींनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"तेहतीस साली मी वस्तीतल्या शायेत मास्तर झालो. कचेरीत पाऊस मोजतेत हे समजलं. मले गंज आवड. मी साहेबाले इचारलं, मी रोज सकाळी येऊन मोजून देत जाईन, फुकट. शिपाई म्हने, मोजाच्या काचेले हात लावाचा नाई. काहून? तर त्यात पानी असते. अरे, ते पानी कोनी पेत नाई, मोजून फेकून देतेत! पन नाई म्हंजे नाई. मंग मी दारातूनच पाटी वाचली, नियमाची. उभ्या उभ्या उतरून घेतली. अकोल्याच्या तांबटाकडून तसंच्या तसं भांडं करून घेतलं. तवापासून एक दिवस खाडा नाई. मी गावाले गेलो तर ही मोजते."

भागाबाई आतून म्हणाल्या, "काच मले वाचता येते. आकडे येतेत. बाकी नाई येत."

वह्या पाहिल्या. तीस वर्षांच्या, खाकी कागदाची कव्हरं घातलेल्या. रोज सकाळी साडेआठची नोंद. निरंक असेल तर निरंक. अक्षर मोत्यासारखं. त्या कचेरीतलं तिरपं अक्षर मला आठवलं. जुन्या वर्षांचे आकडे मी माझ्याजवळच्या अकोल्याच्या तक्त्याशी ताडून पाहिले. असावेत तसे होते. पण गेल्या पाच वर्षांत गुरुजींचा पाऊस उतरत गेला होता. दरवर्षी थोडा, पण न चुकता.

"साठ साली डोंगरावर कटाई सुरू झाली," गुरुजींनी त्या पानावर बोट ठेवलं. "तवापासून पाहा. हा पुरावा हाय साहेब. बाकीचे लोक बोलतेत, मी मोजलं हाय. पुढची कटाई थांबवाची असन तर हे लोकाईपुढे ठेवलं पायजे."

मी म्हटलं, "यंत्र दाखवा."

परसात गेलो. भांडं तांब्याचं, लख्ख घासलेलं, काठ जमिनीपासून बरोबर फूटभर उंच. नरसाळ्याचा व्यास मी मोजला, एका केसाचाही फरक नव्हता. आणि त्यावर सावली होती. दहा-बारा फुटांवर पिंपळ उभा होता. चांगला वीस-बावीस फूट उंच. त्याची एक फांदी जवळजवळ नरसाळ्यापर्यंत आलेली.

"हा केव्हाचा?" मी विचारलं.

"छप्पनचा. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्याच आठोड्यात लावला. बोधिवृक्ष. वस्तीतले लोक पौर्निमेले इथंच वंदनेले बसतेत." त्यांनी खोडावरून हात फिरवला. "रोपटं लावलं तवा गुडघ्याएवढं होतं."

यंत्राच्या आसपास झाड किंवा घर असेल तर ते निदान उंचीच्या दुप्पट अंतरावर हवं. नाहीतर तिरपा पाऊस झाडावर अडतो आणि भांड्यात कमी पडतो. झाड वाढेल तसा दरवर्षी आणखी कमी. आमच्या खात्यात हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. गुरुजींच्या पाच वर्षांचा उतार डोंगराने केला होता की पिंपळाने, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. डोंगराचंही असेल. पण पुरावा म्हणून ती पाच वर्षं गेली होती.

मी त्यांनी उतरून घेतलेली नियमांची पाटी मागितली. तीस वर्षं जपलेला कागद होता. नऊ नियम होते, शब्दन् शब्द बरोबर. आमची पाटी पत्र्याची असते, खिळ्याला टांगलेली, दोन्ही बाजूंनी छापलेली. जागेचा नियम अकरावा. तो पाठीमागच्या बाजूला असतो. दारात उभं राहून वाचणाऱ्याला ती बाजू दिसत नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. भागाबाई दारात उभ्या होत्या, गुरुजी माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मला तिथून निघून जायची घाई झाली. पाय थांबेनात. मी खिशातून कागद काढला आणि लिहून दिलं: 'उपकरण तपासले. बिनचूक आहे.' खाली सही केली. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

अमरावती

बडनेऱ्याहून अमरावतीला पोहोचेपर्यंत मी ते वाक्य मनात शंभर वेळा वाचलं. दोन दिवस अमरावती तालुक्यातली यंत्रं तपासली, गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात जाऊन येऊ असं एकदा ठरवलं आणि अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. कुठेही बूड टेकत नव्हतं. संध्याकाळी वादाच्या सभागृहात जाऊन मागच्या खुर्चीवर बसलो, दाराजवळची खुर्ची पाहून.

गर्दी चांगली होती. इथले लोक भाषणाला येतात ते मुकाट ऐकायला नव्हे. प्राध्यापक पहिले उठले. त्यांनी सांगितलं की आपण कारखान्यांत आणि आगगाड्यांत इतका कोळसा जाळतो आहोत की त्याचा वायू हवेत साठतो आहे आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखा गुंडाळला जातो आहे. उद्या पृथ्वी त्याने तापेल. त्या दिवशी दुपारी पारा चव्वेचाळीसवर गेला होता. मागून एकजण ओरडला, "उद्या कायले जी, आजच तापली!" सगळे हसले. प्राध्यापकही हसले, पण कपाळ पुसत म्हणाले, "आज हसा. मी हे घाबरवायला सांगत नाही. मोजमाप चालू आहे." त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मीही घेतलं नव्हतं, खरं सांगायचं तर.

वकील उठले ते टाळ्या घेतच. त्यांचा मुद्दा एकच होता. "बॉम म्हणा, कोळसा म्हणा, जंगल म्हणा, ज्याला जो चोर पाहिजे तो त्याने धरला. पुरावा कोठे आहे? दुष्काळ आपल्या पणज्यानेही पाहिला. तेव्हा कोणता बॉम होता? मोजलेलं काही असेल तर दाखवा, मी याच ठिकाणी हार मानतो."

मग तायडे गुरुजी उभे राहिले. टेबलावर वह्यांचा गठ्ठा ठेवला. भाषण केलंच नाही. वर्ष आणि त्या वर्षाचा पाऊस, इतकंच वाचत गेले. पंधरा-वीस वर्षं झाल्यावर पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. शेवटची पाच वर्षं वाचली तेव्हा कुणीतरी "अरे बापा" म्हणालं. गुरुजींनी शेवटी माझा कागद वाचला. "पुन्याच्या हवामान खात्याचे साहेब मांगं बसले हायत. त्याईची सही हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वकील हसत उठले. हाडाचे वकील होते. "साहेब, एकच विचारतो. यंत्र बिनचूक. आणि जागा?"

सगळी डोकी मागे वळली. मी उभा राहिलो. दार माझ्या डाव्या हाताला चार पावलांवर होतं, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

"जागा ठीक नाही," मी म्हटलं. "जवळ झाड आहे. नऊ वर्षांत वाढलं. अलीकडच्या वर्षांचे आकडे धरता येणार नाहीत."

मागच्या बाजूने एक आवाज आला: "म्हंजे मास्तरच्या झाडानंच पाऊस पेला!" आणि सभागृह फुटलं. वकीलही खो खो हसले. हसू थांबेपर्यंत गुरुजी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हा नियम पाटीवर हाय काय?"

"आहे. पाठीमागच्या बाजूला."

"मले आत येऊ देलं नाई त्याईनं," गुरुजी म्हणाले. रागाने नव्हे, साधी माहिती द्यावी तसं. "मांगची बाजू मी पायली नाई."

हसणं थांबलं. त्यांनी लेखणी काढली, शेवटची पाच वर्षं एकेक रेघ मारून खोडली, वही मिटली आणि खाली बसले. अध्यक्षांनी आभार मानले. मी सर्वांत आधी बाहेर पडलो.

सरकारी नोंदवही शनिवारी डोळ्यांनी भरली जाते, त्या गावच्या पावसाची खरी नोंद गुरुजींच्याच आधीच्या पंचवीस वर्षांत आहे, हे मी तिथे बोललो नाही. एका माणसाची चूक भर सभेत सांगितली आणि माझ्या बाजूची चूक खिशात ठेवली.

परत

सकाळी बडनेऱ्याला गुरुजी भेटले. अकोल्याच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले होते, वह्यांचा गठ्ठा मांडीवर. मला उलट दिशेने, आमच्या नागपूरच्या कचेरीत अहवाल द्यायला जायचं होतं. मी जाऊन शेजारी बसलो आणि कचेरीच्या वहीबद्दल सगळं सांगून टाकलं.

"मले माईत हाय," ते म्हणाले. "शनवारी लिहितेत. तीस वर्षं पाहून राहिलो."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"मी सांगतलं असतं तर कोन आयकलं असतं? म्हनले असते, हरला म्हनून बोलून राहिला." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "ते तुमी सांगाले पायजे होतं, साहेब."

चूक माझी होती, पदरात पडली होती. मी म्हटलं, "चुकलो."

"हो," ते म्हणाले. "झाड मी तोडनार नाई. भांडं हलवलं तर जुनी नोंद पुढे चालते काय?"

"नाही. जागा बदलली की नवी नोंद. जुनी पंचवीस वर्षं चांगली आहेत, ती राहतील. पण त्यांना पुढची जोडता येणार नाहीत. पाऊस बदलला की नाही हे सांगायला नव्या जागेची निदान वीस-पंचवीस वर्षं हवीत."

ते गठ्ठ्याची दोरी घट्ट करू लागले. त्यांचं वय त्रेसष्ट होतं. अकोल्याची गाडी आली तेव्हा मी नागपूरचं तिकीट खिशातच ठेवून त्यांच्यामागे चढलो. दौऱ्याच्या कार्यक्रमात हे बसत नव्हतं आणि पुढे त्याबद्दल मला लेखी विचारणा झाली. कचेरीच्या वहीचं मात्र या वेळी मी सगळं लिहून पाठवलं आहे. त्याचं काय होतं ते अजून कळलं नाही.

गावात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. भागाबाईंना गुरुजींनी दोन वाक्यांत सांगितलं. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाणी मात्र आणून ठेवलं. मी एका दमात प्यालो.

नवी जागा शोधायला आम्ही परसात आलो. मी म्हटलं, "पिंपळ बावीस फूट धरू. दुप्पट म्हणजे चव्वेचाळीस फूट. परसाच्या कोपऱ्यात बसेल."

"आजच्या झाडाचं कायले मोजता?" गुरुजी म्हणाले. "पिंपळ किती वाढते?"

"साठ-सत्तर फूट. पण त्याला पन्नास वर्षं लागतील, गुरुजी."

"मंग तेच धरा."

पन्नास वर्षांनी इथे कोण मोजणार, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मी तो विचारला नाही. टेपचं एक टोक भागाबाईंनी न सांगता माझ्या हातातून घेतलं आणि पिंपळाच्या खोडाला टेकवून धरलं. दुसरं टोक गुरुजींनी धरलं आणि ते चालू लागले. परस संपलं, कुंपणाच्या काट्या बाजूला सारून ते गल्लीत गेले, गल्ली ओलांडून पलीकडच्या रिकाम्या वावरात. तिथे टेप संपली. वावराचा मालक, डोक्याला मुंडासं बांधलेला एक कुणबी शेतकरी, बांधावर बसला होता. त्याने विचारलं, "काय मोजून राहिले मास्तर?"

"पाऊस," गुरुजी म्हणाले. "तुह्या वावरात एक भांडं गाडाचं हाय. नांगर लागू देशीन?"

तो थोडा विचार करून म्हणाला, "नाई लागू देत. किती वर्सं?"

गुरुजींनी टेपचं टोक ढेकळाखाली दाबून ठेवलं आणि उरलेलं अंतर पावलांनी मोजत पुढे निघाले. "गंज," ते मागे न पाहता म्हणाले.